सरळ, पण कशाला धरून?

दहीहंडीच्या आधीच्या आठवड्यात टी-शर्ट छापणाऱ्याच्या गाळ्यात उभं राहायलाही जागा नसते. प्रेस मशीन सारखं उघडतं, मिटतं. डीटीएफ फिल्म असेल तर साधारण १५० ते १६० अंश सेल्सिअस आणि १० ते १५ सेकंद. पॉलिएस्टरवर सबलिमेशन असेल तर १९० ते २०० अंश आणि जवळपास मिनिटभर. हे आकडे एकदा लावून दिले की मशीन ते मुकाट पाळतं. डिझाइन सरळ बसवण्याचं काम मात्र माणसाकडेच राहतं. आणि एकदा चिकटलेलं नाव हलवता येत नाही.

खरी गोम कापडात आहे. टी-शर्टचं होजियरी कापड गोल यंत्रावर नळीसारखं विणून निघतं. त्यातल्या एकेरी सुताला पीळ असतो, तो उलगडू पाहतो आणि टाक्यांच्या उभ्या रांगा तिरक्या होतात. धुतल्यावर बाजूची शिवण पोटावर सरकलेला एखादा टी-शर्ट बहुतेक कपाटांत सापडेल. म्हणून या शिवणीपासून माप घेणं म्हणजे फसगत ठरलेली. खालचा घेरही तितकाच बेभरवशाचा.

भरवसा ठेवायचा तो खांद्यांवर आणि काखांवर, कारण कपडा अंगावर लटकतो तो खांद्यांवरूनच. टी-शर्ट उभा दुमडायचा, खांद्यावर खांदा आणि काखेवर काख जुळवायची आणि तीन-चार सेकंद हलकं दाबायचं. मधोमध घडीची रेघ उमटते, शिवाय कापडातला ओलावाही निघून जातो. ड्राय-फिटवर हा प्रयोग करू नये. पॉलिएस्टरवर घडी कायमची बसू शकते, तिथे शिंप्याचा खडू बरा. मग एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत पट्टी ठेवायची. ही आडवी, घडीची उभी. दोन्ही काटकोनात आल्या की पाया मिळाला. कॉलर बघावी ती सगळ्यात शेवटी, कारण घाईत शिवलेली कॉलर स्वतःच वाकडी असू शकते.

नवशिके इथे फिल्मच्या कडेवर विसंबतात. कात्रीने कापलेली कड सरळ असेलच कशावरून? डिझाइनच्या फाइलमध्येच वर आणि खाली मध्याच्या बारीक खुणा टाकाव्यात आणि त्या घडीच्या रेघेवर आणाव्यात. प्लेटवर कपडा अंथरताना ताणायचा नाही. ताणलेल्या कापडावर छापलं की थंड झाल्यावर कापड आकसतं आणि डिझाइनला सुरकुत्या पडतात. कॉलर आणि जाड शिवणी प्लेटबाहेर ठेवल्या नाहीत, तर दाब सगळीकडे सारखा पडत नाही.

आपल्या लिपीची आणखी एक गंमत आहे. इंग्रजी अक्षरांची ओळ जराशी कलली तर खपून जाते. शिरोरेषा मात्र छातीवर आखलेली आडवी रेघच. तिचा कल लांबूनही दिसतो. सॉफ्टवेअर मध्य काढतं तो वेलांटीच्या टोकापासून उकाराच्या तळापर्यंतच्या चौकटीचा. ‘गोविंदा’मध्ये वेलांटी आणि अनुस्वार वर, खाली काहीच नाही, चौकटीवर गेलात तर शब्द खाली घसरल्यासारखा दिसतो. माप शिरोरेषेपासून घ्यावं. शिवरायांच्या एका बाजूने दाखवलेल्या चेहऱ्याचंही तसंच. नाक, दाढी एकीकडे, जिरेटोपाचा भार दुसरीकडे. मोजून काढलेला मध्य डोळ्यांना पटत नाही, थोडं सरकवावंच लागतं. अशा वेळी मी पट्टीपेक्षा डोळ्यांचं ऐकावं या मताचा आहे. फक्त बघताना टी-शर्टच्या समोर उभं राहावं, बाजूने नव्हे.

उंचीचा हिशोब सोपा. कॉलरच्या शिवणीपासून चार बोटं, म्हणजे सुमारे ३ इंच. लहान मुलांना दोन बोटं पुरतात. त्याहून खाली उतरलं की मंडळाचं नाव खजिनदारांच्या पोटावर जाऊन बसतं. एकच डिझाइन स्मॉलपासून डबल एक्सएलपर्यंत वापरण्याचा हट्टही सोडावा. पाठीवर मात्र जाहिरातदारांची यादी असते, तिथे कुणी मोजायला जात नाही.

एवढं करूनही पीळ राहिलेलं कापड पहिल्या धुण्यात फिरतं आणि छपाईला सोबत घेऊन जातं. त्यावर प्रेसपाशी इलाज नाही. मोठी ऑर्डर घेण्याआधी त्या लॉटमधला एक कोरा टी-शर्ट धुऊन वाळवून बघावा. शिवण दोन बोटं पुढे आली, तर माल परत पाठवावा.