रोप लावण्याआधी विकलेले पीक

जालन्याहून भोकरदनला जाताना राजूर मागे पडले, की पूर्णा नदीकाठी केदारखेडा हे गाव लागते. आसपासच्या शिवारात कापूस, मका, सोयाबीन दिसते. आणि भोकरदन तालुक्याची मिरची तर प्रसिद्धच आहे. मिरची तोडायची, बाजारात न्यायची आणि त्या दिवशीचा भाव पदरात घ्यायचा, हा व्यवहार तुम्हांला ठाऊक असेल. पण मिरचीचेच एक पीक असे असते, की त्याचा भाव आणि गिऱ्हाईक रोप लावण्याआधीच ठरलेले असतात. ही मिरची खाण्यासाठी नसते. हवे असते ते तिच्या पोटातले संकरित बी.

बियाण्यांचा धंदा जालन्याला जुना आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली तेथे ‘महिको’ कंपनी काढली. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आज जालना जिल्ह्यात आणि शेजारच्या देऊळगाव राजा परिसरात शेडनेटखाली मिरची, टोमॅटो, काकडी यांचे बीजोत्पादन चालते.

ते कसे करतात, पाहा. मिरचीच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात. म्हणून उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी हेरायची, चिमट्याने तिचे परागकोश अलगद काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाच्या फुलातले पराग तिच्या कुक्षीवर लावायचे. खूण म्हणून देठाला दोरा बांधायचा. हे एका फुलाचे झाले! अशी हजारो फुले, रोज, कित्येक आठवडे. हे काम बहुतेक बायकाच करतात, आणि त्यांच्या बोटांतले कसब कोणत्याही यंत्रात अजून आलेले नाही. एखादा परागकोश नजरेतून सुटला, तर त्या फळात आईच्याच वाणाचे बी भरते.

आता करार कशासाठी, ते ध्यानात येईल. नर आणि मादी वाण शुद्ध करायला कंपनीच्या सहा-सात पिढ्या गेलेल्या असतात. ते बी ती कोणालाही विकत नाही. ती ते शेतकऱ्याला देते आणि तयार झालेले सारे बी ठरलेल्या दराने परत घेते. कंपनीला पुढच्या हंगामाची खात्री मिळते आणि शेतकऱ्याला भावाची. बाजारात मिरची मातीमोल झाली, तरी याचा दर हलत नाही. हा फायदा लहान नाही.

पण दुसरी बाजू पाहा. बी कंपनीकडे गेले, की त्याची उगवण तपासतात. मग नमुना पेरून रोपे वाढवतात आणि त्यांत किती अस्सल निघतात ते मोजतात. याला काही महिने लागतात, आणि पूर्ण पैसे या निकालानंतर मिळतात. बी नापास झाले तर? भाजीची मिरची दुसऱ्या व्यापाऱ्याला विकता येते. मिरचीचे सुटे बी कोण घेणार? शिवाय शेडनेट कर्जातून उभे राहिलेले असते. करार एका हंगामाचा आणि कर्ज अनेक वर्षांचे! माझ्या मते खरी अडचण इथे आहे. पुढच्या वर्षी कंपनीने दर उतरवला, तर शेडनेट उचलून दुसरीकडे नेता येत नाही.

मग करारच दहा वर्षांचा केला तर? सौर पॅनेल बनवणाऱ्या कारखान्यांनी तसे केले होते. पॅनेलला अतिशुद्ध सिलिकॉन लागते, आणि त्याचे कारखाने उभारायला प्रचंड पैसा व काही वर्षे लागतात. २००८ साली त्याचा भाव किलोला ४०० डॉलरच्या वर गेला. टंचाईच्या धास्तीने अनेकांनी त्या सुमारास दीर्घ मुदतीचे करार केले. नवे कारखाने सुरू झाले आणि २०१२ अखेर भाव २० डॉलरच्याही खाली आला! करारात अडकलेल्यांना बाजारापेक्षा कितीतरी महाग माल घ्यावा लागला. काहींनी मोठी रक्कम भरून सुटका करून घेतली.

उलटही घडले. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत मोटार कंपन्यांनी चिपच्या मागण्या रद्द केल्या. चिप बनवणाऱ्यांनी ती जागा संगणक आणि फोनच्या चिपना दिली. मोटारींना पुन्हा गिऱ्हाईक आले, तेव्हा चिप मिळेनात. २०२१ मध्ये जगभर, आपल्याकडेही, मोटारींचे उत्पादन रखडले.

म्हणून आता काही करारांत आकडा न लिहिता दर काढायची रीत लिहितात: बाजारभाव इतका हलला, तर आपला दर इतका हलेल. बियाण्याच्या करारात मजुरी आणि खताच्या भावाशी दर असा बांधता येईल. तपासणीचे काय? १९६६ च्या बियाणे कायद्यात एक सोपी युक्ती आहे. बियाणे निरीक्षक नमुना घेतो, तेव्हा त्याचे तीन भाग करून मोहोरबंद करतो. एक ज्याचे बी त्याच्याकडे, एक प्रयोगशाळेकडे आणि एक निरीक्षकाकडे जपून ठेवलेला. निकालाबद्दल वाद झाला, तर जपून ठेवलेले बी पुन्हा तपासता येते. शेडनेटमधल्या बायकांनी दोरे बांधून पिकवलेल्या बियांचीही एक मोहोरबंद पुडी शेतकऱ्याच्या कपाटात असायला काय हरकत आहे?