गाडी उचलली की चालते, खाली ठेवली की थांबते

भाताची झोडणी आटोपली होती. किन्हवलीहून शहापूरला परतताना एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या ओट्यावर चहाला थांबलो. त्यांची नववीतली मुलगी कोपऱ्यात हिरमुसून बसली होती. पुढ्यात एक लहानशी गाडी होती. समोर भिंत आली की आपोआप वळणारी ही गाडी तिने विज्ञान प्रदर्शनासाठी केली होती. प्रदर्शन चार दिवसांवर आले आणि गाडी दोन वीत जाऊन थांबू लागली.

"साहेब, भाताच्या पैशातनं सामान घेऊन दिलं. आता म्हणते बोर्ड जळला. दुसरा काही आणायचा नाही," वडील म्हणाले.

मुलीने शाळेतल्या संगणकावर प्रोग्रॅम तीनदा तपासला होता. मी एवढेच विचारले, "गाडी हातात उचलून धरलीस तर?"

"तेव्हा चाकं मस्त फिरतात, काका."

रोग तिथेच कळला.

विहिरीवरची मोटर आणि रोबोची मोटर

विहिरीवरची मोटर थेट सुरू केली, की क्षणभर नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. म्हणून तर लाइनीच्या टोकाच्या घरातला दिवा मंद होतो. रोबोच्या मोटरीचेही तसेच. चाकांवर वजन आले की ती जास्त करंट मागते. बॅटरीला ते झेपले नाही, तर व्होल्टेज घसरते आणि त्याच बॅटरीवरचा आर्डुइनो बोर्ड बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. बोर्ड जळलेला नसतो, उपाशी असतो.

मोजायचे ते ओझे असताना

शेजारच्या वायरमनकडून मल्टीमीटर आणवला. डीसी २० व्होल्टवर ठेवून नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी मोजली. गाडी बंद असताना माप जवळजवळ पूर्ण भरले. गाडी जमिनीवर चालवताच काटकन पाच व्होल्टच्या खाली! ही बॅटरी थोडा करंट लागणाऱ्या उपकरणांसाठी असते. दोन मोटरी ओढणे तिचे काम नव्हे.

उपाय

मोटरींसाठी चार्ज होणारे १.२ व्होल्टचे सहा सेल एका ओळीत जोडले, ७.२ व्होल्ट झाले. तिच्याकडच्या एल२९८एन मोटर ड्रायव्हरमध्ये सुमारे दोन व्होल्ट खर्ची पडतात, हे धरून एवढे घेतले. जुनी बॅटरी फेकली नाही. ती एकट्या बोर्डाला दिली.

एवढे करूनही चाके फिरेनात. दोन्ही बॅटऱ्यांच्या ऋण तारा एकमेकींना जोडल्या नव्हत्या. त्या सामाईक नसतील, तर बोर्डाचा हुकूम ड्रायव्हरला कळत नाही. तार जोडताच गाडी ओटाभर फिरली आणि भिंतीपाशी वळली. वडील उठून बघायला आले.

मुरबाडकडे, धसईच्या एका मुलाच्या गाडीत सेल नवे होते, तरी हाच त्रास होता. पावसाळ्यात सेलच्या घराच्या पट्ट्यांवर हिरवा गंज धरला होता. पॉलिश पेपरने घासल्या, ढिल्या तारा घट्ट केल्या, काम झाले. पंपाच्या स्टार्टरमधला सैल जोड आपण असाच शोधतो.

पालकांनी एवढे जपावे

जुन्या मोबाइलमधली लिथियम बॅटरी काढून मुलांना देऊ नये. तिच्या दोन तारा एकमेकींना टेकल्या तर आग लागू शकते. घरातल्या २३० व्होल्टच्या वायरीला असले सामान कधीही थेट जोडू देऊ नये. तार जोडण्याआधी धन-ऋण दोनदा पाहावे.

आणि मूल "बिघडलं" म्हणाले, की रागावण्याआधी आणि नवा बोर्ड घेण्याआधी गाडी चालू ठेवून व्होल्टेज मोजावे. पिवळे पडलेले भात पाहून लगेच औषध फवारत नाही. आधी रोप उपटून मुळे पाहतो. इथेही तेच करायचे.