जुन्या जीपला नवे आसन

जीप ही गाडी माणसाने आरामात बसावे म्हणून केलेलीच नाही, असे माझे जुने मत आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ती जन्माला घातली तेव्हा तिच्याकडून चिखल तुडवणे आणि ओढे ओलांडणे एवढीच अपेक्षा होती. शिपायाच्या पाठीचा विचार करायला तेव्हा फुरसत कोणाला? त्या गाडीत पेट्रोलची टाकी चक्क ड्रायव्हरच्या बुडाखाली असे आणि पेट्रोल भरायचे तर त्याला उठून गादी उचलावी लागे! पुढे महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि ही रणरागिणी आपल्याकडे डॉक्टरांची, मामलेदारांची आणि निवडणुकीच्या उमेदवारांची झाली.

आमच्याकडे आहे ती वडिलांची, उंच बॉनेटची थ्री-बी. पुढच्या-मागच्या आसांत अंतर अवघे ८० इंच, त्यामुळे रस्त्यातला प्रत्येक खड्डा आधी मणक्याला कळतो आणि मग डोळ्यांना दिसतो. पनवेलहून गोव्याचा महामार्ग सुरू होतो. त्या रस्त्याने कर्नाळ्याची खिंड ओलांडून पेणला, म्हणजे माहेरी, वर्षातून दोनदा जायचे हा आईचा शिरस्ता. यंदा डॉक्टरांनी निक्षून सांगितले, "या सीटवर पुन्हा बसायचे नाही." गाडी विकायचा विषय मी नुसता काढला, तर आई म्हणाली, "पाठ गेली तरी चालेल, गाडी जायची नाही." तेव्हा उरला एकच मार्ग: पुढच्या दोन्ही सीटा बदलणे.

कुर्ल्याला मोडीत निघालेल्या मोटारींच्या सीटा मिळतात. मऊ, पाठीला आधार देणाऱ्या, मागे-पुढे सरकणाऱ्या. पण मोटारीची सीट जीपमध्ये सरळ बसत नाही. खालच्या सरकपट्ट्यांमुळे उंची वाढते, मग मांड्या स्टिअरिंगला घासतात आणि डोके ताडपत्रीच्या कमानीला लागते. शिवाय आमच्याही गाडीत टाकी पुढच्या सीटखालीच. तिला पट्टी टेकता कामा नये, पेट्रोलची नळी दबता कामा नये. म्हणून आधी माप घ्यावे, मग पाकीट उघडावे. गादीचेही तसेच. उघड्या जीपमध्ये पनवेलचा पाऊस आत येणारच. साधा स्पंज पाणी पिऊन आठवडाभर ओला राहतो. रबर मारलेल्या काथ्यातून पाणी निथळून जाते, आणि वरून जाड रेक्झीन असले म्हणजे झाले.

खरी गोम निघाली ती बसवण्यात. महामार्गावरच्या एका गॅरेजवाल्याने वेल्डिंगचे यंत्र पुढे ओढले. "टाकी काढायची नाही का?" मी विचारले. "कशाला साहेब? रिकामीच आहे की!" मी गाडी तशीच ढकलत बाहेर काढली. पेट्रोल द्रवरूपात जळत नाही. जळते त्याची वाफ, आणि रिकाम्या टाकीत उरते ती वाफच, हवेत मिसळलेली. भरल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक घातकी, हे मोटारधंद्यातल्या माणसाने विसरावे याला काय म्हणावे?

दुसरे मिस्त्री वयाने पोक्त. सीटकडे त्यांनी पाहिलेही नाही. आधी बॅटरीची तार सोडली, टाकी उतरवली, अंगणाच्या टोकाला नेऊन ठेवली आणि मग स्क्रू-ड्रायव्हरने तळाचा पत्रा ठोकत बसले. तीन ठिकाणी स्क्रू-ड्रायव्हर पापडातून जावा तसा आरपार गेला! वरून रंग ठणठणीत, आत गंज. "यावर सीट बसवली असती," ते म्हणाले, "तर पहिल्या धडकेला बोल्ट पत्रा फाडून सीटसकट वर आला असता." कळंबोलीच्या लोखंडबाजारातून जाड पत्रा आणला. सडका भाग कापून नवा जोडला आणि प्रत्येक बोल्टखाली तळहाताएवढी पोलादी पट्टी घातली, म्हणजे ओढ एका भोकावर न येता विभागली जाते.

पट्टेही लावून घेतले. पुढच्या सीटांना पट्टे देणे कारखानदारांवर बंधनकारक झाले १९९४ पासून. आमची गाडी त्याआधीची. पट्ट्याचे टोक मात्र सीटच्या नळीला नव्हे, चासीला जोडलेल्या कंसाला हवे.

कायद्याचेही पाहिले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातले ५२ वे कलम मूळ बनावटीत फेरफार करू देत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही ते बजावले. त्यातून जुन्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. म्हणून परिवहन कार्यालयात आधी विचारून घेतले आणि दोनाच्या दोनच सीटा ठेवल्या. मागे आणखी एक बाक टाकण्याची मुलांची सूचना तिथेच बारगळली.

दसऱ्याला आईला बसवून कर्नाळ्यापर्यंत फेरी मारली. पाठीबद्दल ती काही बोलली नाही, म्हणजे दुखली नसावी. परतल्यावर मात्र मिस्त्रींना निरोप गेला: "आसन छान आहे, पण बुटके. किल्ल्याचा सुळका बॉनेटच्या आड जातो." मिस्त्रींनी मुकाट्याने तिच्या सीटखाली पाऊण इंचाचे चार पोलादी ठोकळे घातले आणि त्यांचे पैसे घ्यायला नकार दिला.