रोजा आणि शुगर : ग्लुकोमीटर कपाटात ठेवू नका

बोट टोचलं तर रोजा तुटेल, या भीतीने रमजानमध्ये अनेक जण शुगर तपासतच नाहीत. पण या तपासणीने रोजा तुटत नाही, असंच बहुतेक उलेमा सांगतात.

सहरीआधी, दुपारी, इफ्तारआधी आणि इफ्तारनंतर दोन तासांनी शुगर मोजा. हात धुऊन कोरडे करा. बोटाला खजुराचा गोडवा असेल तर आकडा खोटाच वाढतो. बोटाच्या कडेला टोचा.

घाम, थरथर, चक्कर जाणवली की लगेच तपासा. आकडा 70 च्या खाली गेला तर मगरिबची वाट न पाहता रोजा सोडा, साखरपाणी घ्या, 15 मिनिटांनी पुन्हा मोजा. 300 च्या वर गेला तरी रोजा सोडून डॉक्टरांना गाठा. आजाऱ्याला सवलत कुरआननेच दिली आहे. गोळ्या, इन्सुलिन मात्र डॉक्टरांना विचारूनच बदला.