ढेपेवरचा दाखला

पार्मा, रेज्जो एमिलिया आणि मोदेना या इटालियन प्रांतांत सुमारे ५५० लिटर दुधापासून सिद्ध होणारी, ४० किलोंच्या आसपास वजनाची पार्मिजानो रेज्जानो चीजची ढेप किमान १२ महिने मुरवल्याखेरीज तिच्यावर पसंतीचा शिक्का उमटत नाही; आणि तेथील एक बँक अशा ढेपा कर्जापोटी तारण म्हणून गुदामात ठेवून घेते, यावरून तिचे मोल ध्यानात यावे. मुरण्याच्या या प्रदीर्घ मुदतीत प्रथिनांचे विघटन होऊन टायरोसिन या अमिनो आम्लाचे शुभ्र, दाताखाली करकरणारे स्फटिक बनतात. किफायत पाहणाऱ्याने ९ महिन्यांपासून मुरलेले, त्याच कुळातले ग्राना पादानो निःशंक घ्यावे. मात्र पार्मिजानोच घ्यायचे तर किसलेल्या पुडीऐवजी सालीवर ठिपक्यांनी नाव उमटवलेला तुकडाच मागावा. उरलेली साल सूपमध्ये उकळल्यास तीही कारणी लागते.