परीक्षेच्या वहीत घरचे बियाणे

या विषयावर एखाद्या व्याख्यात्याने बोलावे, हे थोडे धाडसाचेच आहे. एकच व्याख्यान पाच गावी, तेही त्याच विनोदांसह देण्याची आमची चाल जुनी आहे; आणि श्रोतेही सौजन्याने पुन्हा हसतात. कीर्तनकारबुवांचे आख्यान तर ठरलेलेच असते. त्यांना कोणी चोर म्हणत नाही. परंतु दहावीच्या मुलाने आठवीत स्वतः लिहिलेला निबंध परीक्षेत पुन्हा उतरवला, की त्याचे त्यालाच मन खाते आणि तपासणाऱ्याच्या भुवया वर चढतात. असे का व्हावे?

या बाबतीत मी स्वतः एकदा चुकलो आहे. तेथूनच सुरुवात करतो.

तिसगाव हे नगरहून पाथर्डीला जाणाऱ्या रस्त्यावरचे बाजाराचे गाव. भोवतालचा मुलूख कोरडवाहू. दिवाळीच्या सुमारास येथली कितीतरी कुटुंबे ऊसतोडणीला बाहेर पडतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असा हिशेब. मुले कधी आजीपाशी राहतात, कधी टोळीबरोबर जातात. अशाच एका मुलीने आठवीत असताना शाळेच्या हस्तलिखितासाठी ‘आमची कोपी’ असा लेख लिहिला होता. पुढे दहावीच्या सराव परीक्षेत ‘पहाटेचा एक अनुभव’ हा विषय आला. मी तिची वही तपासू लागलो. पहिल्या चार वाक्यांत कोपी कशी उभारतात, बांबू कसे वाकवतात, खाली पाचट कसे अंथरतात, याचेच वर्णन. पहाटेचा पत्ता नाही. मग एकाएकी पहाट झाली, आणि ती मात्र अशी की डोळ्यांपुढून हलेना. आई अंधारात भाकरी थापते आहे, बाप चुलीच्या उजेडात कोयत्याची धार बोटाने पाहतो आहे; धुक्यातून बैलांच्या घुंगरांचा आवाज आधी येतो आणि गाडी मागाहून दिसते. भाषा इतकी घोटीव, की मला संशय आला. आठांपैकी तीन गुण दिले आणि समासात तांबड्या शाईने एक शब्द लिहिला : पाठांतर.

दुसऱ्या दिवशी ती ते हस्तलिखित घेऊन समोर उभी राहिली. म्हणाली, “सर, हे गाईडातलं न्हाई. माझंच हाय.”

मी दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचले. पहाटेचा भाग जवळजवळ शब्दशः तोच होता. फरक होता तो एका वाक्यात. आठवीत तिने ‘थंडी फार वाजत होती’ एवढेच लिहिले होते. दहावीत लिहिले होते, ‘आई उठली की गोधडीतली ऊब निम्मी व्हायची.’ तीनाचे सहा केले. दोन गुण मात्र कापलेलेच ठेवले, ते कोपीच्या बांधणीचे. ते तिला पटले नाही. तिचे म्हणणे असे, की जे आठवीत चांगले होते ते आता वाईट कसे झाले? हा प्रश्न मोठा रास्त होता.

आधी हक्काचे पाहू. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखनाचा पहिला धनी सामान्यतः लेखकच असतो, आणि तो पंधरा वर्षांचा असला म्हणून धनी राहत नाही असे नाही. परीक्षेतील गैरप्रकारांसाठी महाराष्ट्रात १९८२चा स्वतंत्र कायदा आहे. पण त्याचा रोख कागद आत नेण्यावर, प्रश्नपत्रिका फोडण्यावर, दुसऱ्याकडून लिहून घेण्यावर आहे. स्वतःचे वाक्य स्वतःच्या डोक्यातून नेणाऱ्याची झडती कोण घेणार? परीक्षा विचारते ती एवढेच : या तीन तासांत, कोणाच्या मदतीवाचून, तुला काय लिहिता येते? आठवीत कमावलेले वाक्य दहावीत आठवणे, हे ‘येणे’च आहे. चिठ्ठीवर लिहून नेले तर ती कॉपी. मग मजकूर स्वतःचा का असेना.

मग गुण का कापले? शेतकरी घरचे बियाणे ठेवतो, पण कणगीतले धान्य जसेच्या तसे तिफणीवर नेत नाही. निवडतो, पाखडतो, उन्हात घालतो, आणि यंदा कोणत्या वावरात काय पेरायचे ते पाहतो. जुन्या लेखाचेही तेच आहे. कोपीची बांधणी ‘आमची कोपी’ या लेखात शोभत होती. पहाटेच्या विषयात ती नुसती अडगळ. मुलांना आपले जुने लेखन सुरुवातीपासून पाठ असते, म्हणून ती सुरुवातीपासूनच लिहितात. आणि विषय येईपर्यंत अर्धे पान संपते. गाईचा निबंध पाठ केलेल्या मुलाला झाडावर लिहायला सांगितले, तेव्हा त्याने ती गाय झाडाला बांधली आणि पुढे सगळी गायच लिहिली, ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. स्वतःची गाय असली तरी ती बांधलेलीच दिसते.

तिसगावजवळच्या मढीचे उदाहरण घ्या. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत कानिफनाथांची यात्रा, आणि तिच्यातला गाढवांचा प्रसिद्ध बाजार आमच्या मुलांना अंगणासारखा ओळखीचा. एखाद्या मुलाने त्यावर मनापासून एक लेख लिहिलेला आहे असे समजा. २०१९च्या परीक्षेपासून आलेल्या मराठीच्या कृतिपत्रिकेत प्रसंगलेखन असते, आत्मकथन असते, वैचारिक लेखन असते, बातमी असते. प्रसंग आला तर गर्दीत हात सुटला तो एकच क्षण घ्यावा. आत्मकथनात गाढवालाच बोलू द्यावे : ‘माझे दात पाहून माझी किंमत ठरली.’ येथे लेखकाचे निरीक्षण जुने, पण ‘मी’ बदलला, म्हणून प्रत्येक वाक्य फिरवावे लागते. बातमीत तर ते सुंदर वर्णन जवळजवळ सगळेच टाकावे लागते. कोठे, केव्हा, काय घडले ते सांगून मोकळे व्हायचे. मुलांना सर्वांत जड जाते ते हे टाकणे. मोठ्यांनाही जातेच.

असे फिरवणे हलक्या दर्जाचे काम आहे, असे कोणी समजू नये. हॅन्डेल या संगीतकाराने १७४१ साली आपल्या ‘मसाया’ या गानरचनेतील काही समूहगीतांना त्याच वर्षी स्वतःच रचलेल्या इटालियन युगलगीतांच्या चाली घेतल्या. युगलगीते ऐहिक, समूहगीते धार्मिक! चाल तीच, पण दोन गळ्यांचे चार गळे करताना त्याला ती नव्याने मांडावी लागली.

एक कुंपण मात्र पाळलेच पाहिजे. जेथे ‘नवीन व अप्रकाशित’ अशी अट असते, त्या स्पर्धेत जुना लेख देणे हा शब्दभंग आहे. अंतर्गत गुणांच्या स्वाध्यायात जुने घ्यायचे तर शिक्षकाला आधी सांगावे. संशोधनात तर प्रकार वेगळाच. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२०मध्ये स्पष्टच केले, की आपलेच पूर्वी छापलेले लेखन उल्लेख न करता पुन्हा देणे चालणार नाही. कारण तेथे वाचक नव्या ज्ञानाची अपेक्षा धरून असतो. दहावीच्या परीक्षकाची ती अपेक्षा नसते.

आणि मला भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. माझ्यासारखा तपासनीस घोटीव मराठी दिसली की ‘पाठांतर’ म्हणतो, आणि ती भाषा कोपीतून आलेल्या मुलीची असली तर जरा लवकरच म्हणतो. डॉक्टरच्या मुलाने तेच वाक्य लिहिले असते, तर मी तांबडी शाई उचलली असती का? याचे उत्तर मला ठाऊक आहे. वर्षातले पाच-सहा महिने ज्या मुलांची शाळा बुडते, त्यांना गाईडातले वीस निबंध घोकायला वेळ नसतो. स्वतःचे असे एक-दोन लेख एवढीच त्यांची बेगमी. तीही आपण संशयाने काढून घेतली, तर त्यांनी परीक्षेला न्यायचे काय?

त्या वर्षापासून मी हस्तलिखिताच्या प्रत्येक लेखाखाली मुलांना तारीख घालायला लावली. आणि तपासताना शंका आली, की शेरा मारण्यापूर्वी मुलाला बोलावून एवढेच विचारू लागलो : “हे आधी कुठं लिहिलं होतंस का रे?” बहुतेक मुले वही आणून दाखवतात. एकाने तर दाखवताना सांगितले, “सर, यातलं शेवटचं वाक्य घेऊ नका, ते दादाचं आहे.”