पगार थांबला तर किती महिने?

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण अंथरूणच एका दिवसात निम्म्याहून कमी झाले तर? पाय काही लगेच आखूड होत नाहीत. दूधवाला, वाणी, शाळेची फी, घराचा हप्ता, कुणीच आपल्यासाठी थांबत नाही.

नवऱ्याची नोकरी सुटली की घरात आधी अबोला शिरतो. ते बोलत नाहीत, कारण कमीपणा वाटतो. आपण विचारत नाही, कारण त्यांना लागेल. या अबोल्यात महिना निघून जातो आणि खर्च मात्र पूर्वीच्याच चालीने चालू राहतो. मैत्रिणींनो, तो एक महिना फार महाग पडतो बरं!

२०१९ साली वाहनधंद्यात मंदी आली, तेव्हा नाशिकच्या औद्योगिक वसाहतींतल्या अनेक घरांवर ही पाळी आली. आमचे घर त्यांतलेच. एप्रिलचा पगार हा ह्यांचा शेवटचा. मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते, त्याचे तेव्हा महिना ७,५०० रुपये मिळत. घरात दोन मुले आणि सासूबाई. एका रात्री जेवणे आटोपल्यावर आम्ही तिघे मुलांची जुनी वही घेऊन बसलो आणि हिशेब मांडला.

शिल्लक महिन्यांत मोजा

घराचा हप्ता ९,५००, वाणसामान, दूध, भाजी, गॅस ९,०००, मुलांची फी आणि शिकवणी ४,०००, वीज, फोन, केबल २,०००, पेट्रोल २,०००, सासूबाईंची औषधे १,५००, भिशी १,०००, आणि आहेर, कपडेलत्ता, बाहेरचे खाणे मिळून २,०००. बेरीज ३१,००० रुपये. माझा पगार वजा जाता दरमहा २३,५०० ची तूट. बँकेतली शिल्लक आणि हाती आलेली ग्रॅच्युइटी मिळून होते १ लाख ६५ हजार. भागाकार केला, उत्तर आले सात महिने.

एक लाख पासष्ट हजार म्हटले की बरीच रक्कम वाटते. सात महिने म्हटले की खरे काय ते कळते.

मग कात्री लावली. वाणसामानातून १,८००, शिकवणीतून १,५०० (गणित मीच घेऊ लागले), फोन-केबलमधून ७००, पेट्रोलमधून १,२०० आणि शेवटच्या किरकोळ रकमेतून १,८००. एकूण सात हजार वाचले. तूट १६,५०० वर आली आणि तेच पैसे दहा महिने पुरतील असे दिसले. भिशीला हात लावला नाही. आपण मध्येच सोडली की दुसऱ्या बायकांची पंचाईत होते, शिवाय आपला नंबर यायचा असतोच.

ह्यांना दुसरी नोकरी लागली ती २०२० च्या जानेवारीत, आठ महिन्यांनी आणि चार हजार कमी पगारावर. पहिल्याच चालीने राहिलो असतो तर नोव्हेंबर संपता संपता हात रिकामे झाले असते. उलट दोन महिन्यांची शिल्लक उरली, आणि मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा तिचाच आधार झाला.

हक्काचा पैसा मागून घ्या

कायम नोकरीत सलग पाच वर्षे झाली असतील तर ग्रॅच्युइटीचा हक्क असतो. दर पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरून. समजा, हिशेबात धरायचा पगार १३,००० आहे, तर वर्षाला ७,५०० आणि नऊ वर्षांचे ६७,५०० होतात. ही रक्कम तीस दिवसांत मिळायला हवी. न मिळाल्यास लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच ठेवावी. उरलेल्या रजेचा पगार आणि अनुभवाचा दाखलाही लगेच मागावा. पुढे फेऱ्या मारणे जिवावर येते.

भविष्यनिर्वाह निधीतली बरीच रक्कम नोकरी गेल्यावर काढता येते. पण काढता येते म्हणून काढू नये, ती म्हातारपणाची काठी आहे. शिवाय सलग पाच वर्षांची सेवा झालेली नसेल तर त्यावर आयकर लागू शकतो.

काय थांबवू नये?

औषधे आणि आजारपणाचा विमा. कंपनीने काढलेला विमा सहसा नोकरीबरोबरच संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का, हे नोकरीच्या शेवटच्या दिवसाआधीच विचारून ठेवा. एक मोठे आजारपण सगळी वही पुसून टाकते. आयुर्विम्याचा हप्ता लांबला तर घाबरू नका. वार्षिक, सहामाही आणि तिमाही हप्त्याला तीस दिवसांची मुदत असते, मासिक हप्त्याला पंधरा.

घराच्या कर्जाचा हप्ता ९० दिवस थकला की बँक ते कर्ज बुडीताच्या वाटेवरचे समजते आणि पुढची कारवाई सुरू होऊ शकते. म्हणून हप्ता चुकण्याआधीच दोघांनी मिळून बँकेत जावे. मुदत वाढवून हप्ता कमी करता येतो का, हे विचारावे. विचारण्यात लाज कसली? शाळेतही तसेच. फी हप्त्याने द्यायची परवानगी पुष्कळ शाळा देतात, मात्र आधी सांगावे लागते.

सोने शेवटच्या ओळीत

आमच्या सासूबाई त्या रात्रीच म्हणाल्या, "माझ्या पाटल्या आहेत की गं." मी म्हटले, "आई, त्या शेवटच्या ओळीत लिहिते." आणि खरेच तशा लिहिल्या. सोने मोडले की घडणावळ बुडते, आणि पुन्हा तेवढे होणे कठीण. अगदीच वेळ आली तर बँकेत तारण ठेवावे. खासगी सावकाराकडे जाऊ नये. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याप्रमाणे सावकारीला परवाना लागतो, आणि गल्लीतल्या कितीजणांकडे तो असतो? वाण्याकडची उधारीही बंद करावी. रोखीने घेतले की आपोआप कमी घेतले जाते.

चार पैसे जोडताना

१९८२ च्या गिरणी संपात लाखो कामगारांचा पगार थांबला, तेव्हा गिरणगावातल्या कितीतरी बायकांनी डबे करून, शिवण करून घरे तोलून धरली. त्याआधी १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले, त्यातून लिज्जत उभे राहिले. जमते हो बायकांना! मात्र घरात आहे त्या भांड्यांनी, आहे त्या शेगडीवर सुरुवात करावी. शिलकीतून मोठे यंत्र घेऊ नये. आणि पोळीचा भाव ठरवताना पीठ-तेलाबरोबर गॅस आणि आपले श्रमही धरावेत. फुकटात राबणे म्हणजे धंदा नाही.

मुलांपासून लपवू नका. "बाबांची नोकरी गेली आहे, दुसरी मिळेपर्यंत आपण जपून राहायचे," एवढे सांगितले की पुरते. त्यांना कळतेच, आपण सांगितले नाही तर भीती वाटते. आणि हिशेबाची वही यजमानांच्या हाती द्या. पगार थांबला म्हणजे घरातली त्यांची जागा गेली असे नाही, हे त्या वहीतून त्यांना रोज समजते.

तुमच्याकडे पगार वेळेवर येत असेल तर उत्तमच, येत राहो. पण येत्या रविवारी दुपारी दोघे मिळून हा भागाकार करून बघा. उत्तर तीनपेक्षा कमी आले तर यंदाच्या दिवाळीची खरेदी थोडी आवरती घ्या, आणि ते पैसे त्याच दिवशी बँकेत टाका.